ढेकूण घाणीवर जगत नाही
हॉटेलात ढेकूण निघाला की खोली घाणेरडी, असा निष्कर्ष आपण लगेच काढतो. पण ढेकणाला धूळ, खरकटं काही नको. त्याला फक्त रक्त लागतं. पंख त्याला नसतात. रानातून येताना कपड्यांना कुसळं चिकटतात, तसा तो बॅगांतून गावोगाव फिरतो. महागडी हॉटेलंही त्यातून सुटत नाहीत. मग स्वच्छतेला अर्थच नाही का? आहे, पण एवढाच की पसारा कमी असला तर तो लवकर सापडतो. खोलीत शिरल्यावर बॅग आधी बाथरूममध्ये ठेवा आणि गादीची शिवण टॉर्चने पाहा. शाईसारखे काळे ठिपके किंवा फिकट कात (वाढताना टाकलेलं कवच) दिसली, तर खोली बदलून मागा. शेजारची मात्र नको.