ट्रिम सुरू केलं आणि फायली बिघडल्या, तर दोष कुणाचा?

एसएसडीवर ट्रिम सुरू केलं आणि पंधरा दिवसांत फायली उघडेनाशा झाल्या, की कानावर पडणारी वाक्यं ठरलेली असतात. "डिस्कच खराब निघाली." "ट्रिम बंद करून टाका, सगळं सुरळीत होईल." आणि घाईघाईने, "आधी एफएससीके चालवा." यातल्या शेवटच्या वाक्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. पण सुरुवात पहिल्यापासून करू.

फाइल पुसली की फाइलसिस्टीम फक्त स्वतःच्या वहीत 'ही जागा मोकळी' अशी नोंद करते. एसएसडीला त्याचा पत्ताच नसतो, आणि मेलेला डेटा ती जिवंत समजून सांभाळत बसते. ट्रिम हा तिला दिलेला निरोप असतो: अमुक पत्त्यापासून इतके ब्लॉक आता नकोत. म्हणजे हा आदेशच डेटा टाकून देण्याचा आहे. पत्ता चुकला तर चुकीच्या जागेवर लिहिलं जात नाही, चांगला डेटा नाहीसा होतो. म्हणून ट्रिम मुळातच धोक्याचं आहे, असं मात्र नाही. २००९मध्ये आलेल्या विंडोज ७पासून ते सर्वसामान्य संगणकांवर रोज चालतं आहे. प्रश्न असतो तो पत्ता वाटेत कोण बिघडवतं याचा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१५चं आहे. अल्गोलिया ही शोधसेवा देणारी कंपनी. तिच्या लिनक्स सर्व्हरांवर फायलींच्या मधोमध शून्यांचे पट्टे दिसू लागले. बरीच शोधाशोध झाल्यावर संशय ट्रिमवर आला. बिघडलेल्या यंत्रांत सॅमसंगच्या एसएसडी होत्या, म्हणून जूनमध्ये कंपनीने ड्राइव्हकडे बोट दाखवलं. जुलैमध्ये चित्र पालटलं. सॅमसंगच्या अभियंत्यांनी तोच बिघाड आपल्याकडे घडवून पाहिला आणि चूक लिनक्स कर्नलमध्ये सापडली.

चूक अशी होती. रेड ० किंवा रेड १०मध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतींत, ट्रिमचा एक मोठा आदेश निरनिराळ्या डिस्कसाठी तुकडे करून पाठवला जातो. हे तुकडे वेगळे झाले, तरी पत्ते लिहायची मेमरीतली जागा त्यांच्यात एकच राहिली होती. एकाच पाटीवर दोघांनी आपापला पत्ता लिहावा आणि पहिला वाचून व्हायच्या आत दुसऱ्याने तो पुसावा, तसं झालं. ड्राइव्हने मिळालेला पत्ता इमानाने मोकळा केला. पत्ताच भलता होता. दुरुस्तीत प्रत्येक तुकड्याला स्वतःची पाटी मिळाली. साध्या, रेड नसलेल्या डिस्कवर ही चूक उद्भवतच नव्हती. अशा वेळी डिस्कची स्मार्ट चाचणी 'सगळं ठीक' सांगते आणि ती खोटं बोलत नसते. डिस्क खरोखरच ठीक असते.

मग ड्राइव्ह नेहमीच निर्दोष असतात का? नाही, आणि इथेच दोन गोष्टींची सरमिसळ होते. 'क्यूड ट्रिम' नावाचा वेगळा प्रकार २०११च्या साटा ३.१ मानकात आला. त्यात ट्रिमचा आदेश इतर आदेशांच्या रांगेतच जातो, कामकाज थांबत नाही. काही ड्राइव्ह ही सोय असल्याचं सांगत, पण ती नीट पाळत नसत. सॅमसंगच्या ८०० मालिकेसाठी आणि क्रूशलच्या काही ड्राइव्हसाठी कर्नलने ती बंद केली. साधं ट्रिम मात्र चालू ठेवलं. अल्गोलियाकडे क्यूड ट्रिम वापरात नव्हतं. तरी त्या दोन प्रकरणांचं एकच गाठोडं बांधलं जातं आणि 'सॅमसंग म्हणजे ट्रिम नको' असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे.

आता एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारं साधन. लोकांना वाटतं, ते हरवलेला डेटा परत आणतं. ते फक्त वहीतल्या नोंदी एकमेकींशी जुळवतं. न जुळणारी नोंद ते कापून टाकतं, पोरक्या फायली क्रमांकांच्या नावाने 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये ठेवतं. फोटोच्या मधोमध शून्यं भरली असतील, तर त्याला ते कळतही नाही. एक्स्ट४ ही फाइलसिस्टीम फार तर नोंदींचे चेकसम ठेवते, मजकुराचे नाही. बीटीआरएफएस आणि झेडएफएस मजकुराचेही ठेवतात. त्यामुळे 'एफएससीके स्वच्छ आलं' याचा अर्थ 'फायली शाबूत आहेत' असा होत नाही. उलट कारण कळायच्या आत दुरुस्ती चालवली, की ज्या खुणांवरून कारण सापडलं असतं त्याच पुसल्या जातात. एक्सएफएसच्या दुरुस्तीत लॉग शून्य करण्याचा पर्याय आहे. निरुपायाने वापरायचं ते हत्यार आहे. पहिल्याच मिनिटाला हात तिकडे जाऊ नये.

क्रम असा ठेवावा. आधी लिहिणं थांबवा: यंत्र बंद करा किंवा डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा. साप्ताहिक एफएसट्रिमचा टायमर आणि माउंटमधला 'डिस्कार्ड' पर्याय, दोन्ही काढा. एक काढून दुसरा राहिला तर आणखी ब्लॉक जातील. मग डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रतिमा घ्या आणि एफएससीके त्या प्रतिमेवर, 'काही बदलू नको' या पर्यायाने चालवा. त्यानंतर नुकसानीचा आकार पाहा. अखंड ब्लॉक शून्य असतील तर संशय ट्रिमकडे जातो; इकडेतिकडे एखादाच बिट उलटलेला दिसला तर रॅम तपासा. कर्नलची आवृत्ती, ड्राइव्हचं फर्मवेअर आणि रेडचा प्रकार कागदावर लिहून ठेवा. २०१५चं कोडं सुटलं ते बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला म्हणून, आणि त्याला हेच तपशील लागतात.

ट्रिम बंद केल्याने गेलेले ब्लॉक परत येत नाहीत. ड्राइव्ह त्या जागी बहुधा शून्यंच देते, आणि आतली जागा तिने केव्हाच साफ करायला घेतलेली असते. रेडचा आरसाही इथे कामाला येत नाही, कारण पुसण्याचा आदेश आरशातल्या दोन्ही डिस्कना जातो. डेटा परत मिळतो तो बॅकअपमधून, आणि तोही ट्रिम सुरू करण्याच्या आधीचा असेल तर. म्हणून ट्रिम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी न बदलणाऱ्या जुन्या फायलींचे चेकसम काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवा, ट्रिमच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की ते पुन्हा काढून ताडून पाहा, आणि तोवर जुन्या बॅकअपवर नवा चढवू नका.