औषधाच्या दुकानातील सुरक्षितता

भारतातील औषधविक्री 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने आणि 1945 च्या नियमांनी बांधलेली असून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या, म्हणजेच औषधशास्त्राचे शिक्षण घेऊन राज्य परिषदेकडे नाव नोंदवलेल्या व्यक्तीच्या, देखरेखीखालीच दिले जावे, असे बंधन त्यांत आहे. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले आणि ती व्यक्ती मात्र गैरहजर, ही स्थिती रुग्णाच्या जिवाशी खेळणारी आहे. कारण चिठ्ठीतील मात्रा तपासणे, सारख्या नावांच्या दोन औषधांतील गफलत टाळणे आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांशी नव्या औषधाचा विरोध ओळखणे, हे काम नुसत्या अनुभवी विक्रेत्याकडून होत नाही.

2014 पासून लागू झालेल्या ‘एच-1’ या अनुसूचीत, म्हणजे विशेष नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत, काही प्रभावी प्रतिजैविके, क्षयरोगावरील आणि सवय लावणारी औषधे येतात. त्यांच्या विक्रीची डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह स्वतंत्र नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापरामुळे जंतू त्यांना दाद देईनासे होत असताना या नोंदीला केवळ कागदी सोपस्कार मानणे घातक ठरते.

साठवणुकीकडे तर फारच दुर्लक्ष होते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि एकदा गोठल्यास ते वापरण्याजोगे राहत नाही. असे बिघडलेले औषध हाती आल्यास त्याचा माग काढता यावा, म्हणून ग्राहकांनी बॅच क्रमांक असलेले बिल अवश्य मागून घ्यावे.