ग्राइंडर एकाचा, कान सगळ्यांचे

पनवेल स्टेशनच्या पूर्वेला नवीन पनवेल ओलांडले की विचुंबे. जुनी घरे, त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती, तळमजल्यावर गाळे आणि गाळ्यांच्या डोक्यावर राहती घरे. अशा वस्तीत सामायिक कार्यशाळा, म्हणजे आता सगळे ज्याला मेकरस्पेस म्हणतात ती, काढायची ठरवली तर जागा मिळणार ती एखाद्या गाळ्यातच. वर्गणी काढून यंत्रे आणता येतील, शिकायला पोरेही येतील. पण पहिल्या आठवड्यातच वरच्या मजल्यावरचे कोणीतरी खाली येऊन विचारेल, हे किती वेळ चालणार आहे? त्याचे उत्तर ध्वनिशास्त्राकडे आहे आणि ते यंत्रे बसवण्याआधी शोधायचे असते.

एकत्र येऊन हाताने काहीतरी बनवण्याच्या जागा महाराष्ट्राला नव्या नाहीत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथेच २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेले मेकर्स असायलम पुढे गोव्यात मोइरा गावी गेले. पण त्याच्याही कितीतरी आधी पुण्यातल्या कसबा पेठेत तांबट आळी होती. तांब्याची भांडी ठोकून मजबूत आणि चकचकीत करण्याचे मठारकाम सगळ्या घरांतून चाले. आवाज सगळ्यांचाच, त्यामुळे तक्रार कोणी कोणाकडे करायची?

कान मात्र तक्रार करतात, फक्त उशिरा. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या आजारांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवले आहे. दिवसभर तांबे ठोकणाऱ्या या माणसांना आधी कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ती ठार बहिरी होतात. कारण आज आपल्याला माहीत आहे. आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलण्यातली ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने ऐकायला उच्च कंप्रतेच्या याच भागाची गरज असते. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

हातात धरायचा चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो आणि लोखंडाला लागला की १०० डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबल आठ तास आणि १०० डेसिबल दोन तास चालतात. अमेरिकेची ‘नायोश’ ही संशोधन संस्था ८५ डेसिबलला आठ तास देते आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा करते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. मी पोरांसाठी दुसरा हिशेब धरीन. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि केसपेशींना ती ऊर्जाच सोसावी लागते. शिवाय मेकरस्पेसचा सभासद हा कामगार नव्हे. त्याच्या कानांची नोंद ठेवणारा फॅक्टरी इन्स्पेक्टर येत नाही. आणि ग्राइंडर चालवणारा स्वतःपुरता धोका पत्करतो तेव्हा शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करणाऱ्या मुलीला कोणी विचारलेले नसते.

डेसिबलच्या गणिताची आणखी एक खोड आहे. १०० डेसिबलचा ग्राइंडर आणि ८५ डेसिबलचा व्हॅक्यूम क्लीनर एकत्र चालले तर बेरीज १०० पेक्षा जेमतेम दशांशाने जास्त होते. म्हणजे नवा महाग व्हॅक्यूम क्लीनर आणून काही साधत नाही. आधी सर्वांत मोठा आवाज शोधायचा आणि त्याच्याच मागे लागायचे. मोबाइलवरचे मोजणीचे अ‍ॅप कोर्टात चालणार नाही, पण कुठले यंत्र कुठल्यापेक्षा मोठे, एवढे सांगायला ते पुरते.

आवाज जन्मतो तिथेच कमी करणे सर्वांत स्वस्त. बोथट पाते धारदार पात्यापेक्षा जास्त ओरडते. गोल करवतीच्या चांगल्या पात्यांमध्ये लेझरने कापलेल्या बारीक नागमोडी चिरा असतात. त्यांनी पात्याचा थरथराट मरतो आणि रिकामे फिरतानाची शीळ कमी होते. एअर गनचे उदाहरण तर मला फार आवडते. जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवले की हवेच्या झोताच्या खळबळीतून निघणारा आवाज झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला तर सिद्धांताने २४ डेसिबल उतरतात. कंप्रेसरवरचा रेग्युलेटर थोडा खाली आणला, किंवा एका भोकाऐवजी बारीक भोके असलेला नोझल लावला, तर टेबलावरचा भुसा तसाच उडतो आणि कानात घुसणारी ती फुस्स निम्म्याहून खाली येते.

वरच्या मजल्याला मात्र हवेतल्या आवाजापेक्षा खांब आणि स्लॅबमधून जाणारा थरथराट जास्त छळतो. इथे लोक यंत्राखाली रबराची पातळ पट्टी सरकवतात आणि काम झाले असे समजतात. हिशेब करून पाहू. आपल्याकडची साधी मोटर मिनिटाला १,४४० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला २४. यंत्राच्या वजनाने खालची पट्टी अर्धा मिलिमीटर दबली, तर तिच्यावर उभ्या यंत्राची नैसर्गिक कंप्रता सुमारे २२ हर्ट्झ येते. २२ आणि २४ इतके जवळ, की अनुनाद होऊन पट्टी नसतानापेक्षा जास्त धक्के जमिनीत उतरतात. चार मिलिमीटर दबणारे मऊ पॅड किंवा स्प्रिंग घेतली की कंप्रता आठावर येते आणि स्लॅबपर्यंत साधारण आठवा हिस्साच जोर पोहोचतो. पॅड विकत घेताना दुकानदाराला जाडी नव्हे, ‘या वजनाला किती दबेल’ हे विचारायचे.

आता भिंती. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल भिंतीला चिकटवणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की पैसे आणि डिंक वाया घालवू नका. दोन्ही हलके. आवाज अडवायला वजन लागते आणि शोषायला सच्छिद्र, जाड पदार्थ लागतो. शोषणाचे शास्त्र हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून घडवले. एका व्याख्यान-खोलीत बोललेले कळत नव्हते, म्हणून ते रात्री शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून खोलीत मांडत, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत आणि सकाळी गाद्या परत नेऊन ठेवत.

त्या मोजणीतून निघालेले त्यांचे सूत्र आपल्या गाळ्याला लावू. सहा मीटर लांब, चार रुंद, साडेतीन उंच, सगळे प्लास्टर आणि फरशी. रिकाम्या गाळ्यात आवाज विरायला जवळपास पावणेचार सेकंद लागतील. फक्त छताला दोन इंची रॉकवूल कापडात गुंडाळून लावले तर ती वेळ अर्ध्या सेकंदाच्या थोडी वर येते आणि खोलीत घुमणारा आवाज आठेक डेसिबल उतरतो. फायदा कोपऱ्यातल्या सोल्डरिंगवाल्या मुलीला. ग्राइंडर धरलेल्याला जवळजवळ काहीच नाही, कारण त्याच्या कानावर यंत्राचा आवाज थेट येतो.

रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याचे दुखणे शटर. नऊ इंची विटांची भिंत जवळपास ५० डेसिबल अडवते. पण भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट उघडी राहिली, तर भिंत कितीही जाड असो, अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. शटर म्हणजे पातळ पत्रा आणि चारही बाजूंनी फट. त्याच्या आत जड फळीचे, कडांना रबरी गॅस्केट लावलेले दुसरे दार हवे. मग हवा कुठून येणार? पनवेलच्या दमट उकाड्यात, धुराच्या आणि भुशाच्या खोलीत हा प्रश्न टाळता येत नाही. त्यासाठी आतून रॉकवूलचे अस्तर लावलेली, दोनतीन वळणे घेणारी हवेची वाट करतात. हवा वळते, आवाज प्रत्येक वळणावर अस्तरात जिरतो.

एवढे करूनही उरतो तो आवाज वेळेने वाटून घ्यावा लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझे मत असे की कायद्याच्या काठावर जाऊच नये. कटिंग-ग्राइंडिंगचे ठरावीक तास दारावर लिहावेत, दुपारची झोप आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस सोडावेत. राहिलेल्या वेळेत थ्रीडी प्रिंटर, शिवणयंत्र, सर्किटची कामे खुशाल चालू द्यावीत.

आणि नव्या सभासदाला यंत्राचे बटण दाखवण्याआधी कानात बोळा घालायला शिकवावे. फोमचा इअरप्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. समोरून पाहणाऱ्याला तो डोकावताना दिसला, तर तो नीट बसलेला नाही. पाकिटावर ३० डेसिबल छापलेले असले तरी अर्धवट घातलेला प्लग त्यातले थोडेच देतो. त्यामुळे ग्राइंडरचा प्लग सॉकेटमध्ये जाण्याआधी एकमेकांचे कान तपासायचे.