थंडी, तिळगूळ आणि थांबलेले पाय

निफाडचा पारा घसरल्याची आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी यंदाही आली. याच सुमारास पॅथॉलॉजी लॅबमधून येणारे मधुमेहींचे रिपोर्टही बिघडू लागतात. पावसाळाभर एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, सातच्या आसपास राखणारी माणसं जानेवारीत साडेसात-आठचा कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसतात. गोळ्या त्याच, वेळा त्याच, मग साखर का वाढली? घरोघरी उत्तर ठरलेलं असतं : ‘थंडीचे दिवस आहेत, चालायचंच!’ हे उत्तर मला मान्य नाही.

हिवाळ्यात साखर वाढते, यात वाद नाही. अमेरिकेत मधुमेह असलेल्या २ लाख ८५ हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा हिवाळ्यातला एचबीए१सी उन्हाळ्यापेक्षा ०.२२ने जास्त होता आणि जिथे थंडी कडाक्याची, तिथे हा फरक मोठा होता. या सैनिकांनी काही दिवाळीचा फराळ खाल्ला नव्हता, तेव्हा सगळा दोष आपल्या सणांवर ढकलता येत नाही. गारठ्याचा ताण आला की अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात आणि यकृत जादा साखर रक्तात सोडतं. पण तो आकडा पुन्हा पाहा : ०.२२. ही सरासरी आहे, एखाद्याचा फरक जास्त असू शकतो. तरीही सातचे आठ होतात, तेव्हा उरलेली वाढ कुठून आली हे विचारायलाच हवं.

त्यातून थंडी साखर वाढवतेच असंही नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस, रोज काही तास, १४-१५ अंश तापमानात बसवलं. २०१५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आला : इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सरासरी ४३ टक्क्यांनी सुधारला आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा होता. प्रयोग आठच जणांचा. तो वाचून कुणी स्वेटर काढून गच्चीवर बसू नये. पण एक दिशा त्यातून मिळते. हिवाळ्यातल्या साखरेचा विचार करताना थर्मामीटर बाजूला ठेवून स्नायूंकडे पाहायला हवं.

आणि स्नायू म्हटलं की पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापाशी थांबावंच लागतं. केईएम रुग्णालयात त्यांनी कित्येक वर्षं मधुमेहाचा माग काढला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! उंचीच्या मानाने वजन सारखंच, पण एकाच्या अंगावर स्नायू आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली, तेव्हा हेच चित्र जन्मापासूनच दिसलं. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, तरी चरबी टिकून. कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची.

हे संशोधन हिवाळ्यावरचं नाही. पण माझ्या मते आपल्या हिवाळ्याचं कोडं इथेच सुटतं. इन्सुलिनच्या जोरावर रक्तातून उचलली जाणारी बहुतांश साखर स्नायूंत जाते. ज्यांच्याकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालणंच बंद केलं तर त्या साखरेने जायचं कुठे? आपल्याकडे व्यायाम म्हणजे पहाटेचा फेरफटका, हे समीकरण इतकं घट्ट आहे की पहाटे अंथरुणातून उठवलं नाही, की त्या दिवसाचा व्यायामच गेला.

पाय थांबतात त्याच दिवसांत ताट भरतं. हुरडा पार्टी, डिंकाचे लाडू, गाजर हलवा, लग्नाच्या पंगती आणि मग संक्रांत. ‘काकू, एक घ्याच, गुळाची आहे, साखर नाही घातलेली,’ असं प्रेमाने म्हणत वडी हातावर ठेवली जाते. हा गैरसमज कायमचा जायला हवा. गुळातही मुख्यतः तीच साखर असते. त्यातल्या लोहाच्या आणि खनिजांच्या कौतुकाने रक्तातली साखर कमी चढत नाही. बाजरीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा तंतुमय असेल, पण शंभर ग्रॅम बाजरीत साठ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. दोनाच्या चार भाकरी झाल्या की हिशेब बिघडलाच. खरं तर मंडई याच दिवसांत सर्वांत उदार असते. मेथी, पालक, चाकवत, मुळा, पातीचा कांदा ताजा आणि स्वस्त मिळतो. भाकरी एक आणि भाजी दुप्पट, इतका बदल हिवाळ्यात सहज जमतो.

आता चालण्याचं. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने ४१ रुग्णांवर केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रत्येक मधुमेहीने लक्षात ठेवावा. एकदा त्यांना दिवसातून कधीही सलग तीस मिनिटं चालायला सांगितलं, एकदा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं. वेळ तेवढाच, पण जेवणानंतर चालल्याने जेवणापाठोपाठ वाढणारी साखर १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. म्हणजे पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडायची सक्ती नाही. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर ती करूच नये. आजी-आजोबांची शतपावली योग्यच होती, फक्त शंभर पावलांवर न थांबता दहा मिनिटं चालायचं. गच्ची, जिना, सोसायटीची गल्ली, काहीही चालेल.

रिपोर्ट वाचतानाही सावध राहावं. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. त्यामुळे जानेवारीच्या कागदात लग्नसराईपासून संक्रांतीपर्यंतचं सगळं मोजलेलं असतं. तो पाहून स्वतःच गोळी वाढवू नये. डॉक्टरांनी वाढवली, तर मार्च-एप्रिलमध्ये साखर पुन्हा तपासून घ्यावी. उन्हाळा आला, पाय पुन्हा चालू लागले आणि वाढवलेला डोस तसाच राहिला, की साखर एकदम खाली जाऊन दरदरून घाम सुटू शकतो, चक्कर येऊ शकते. घरी ग्लुकोमीटर वापरताना हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला तिळगुळाचा चिकटा राहिला तर यंत्र खोटाच मोठा आकडा दाखवतं. आणि गार बोट जोरात पिळलं तर रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. इन्सुलिन फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

सर्वांत कळकळीने सांगायचं ते पायांबद्दल. मधुमेहाने अनेकांच्या तळव्यांची संवेदना गेलेली असते, आणि शेकोटीला पाय शेकताना किंवा गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपताना भाजलेलं कळतच नाही. सकाळी फोड दिसतो, पुढे जखम चिघळते आणि काही जणांचा पाय कापण्यापर्यंत वेळ येते. पाय शेकू नका, लोकरी मोजे घाला. टाचांच्या भेगांना रोज खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा आणि झोपण्यापूर्वी तळवे उजेडात नीट पाहा, दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगा.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे तुमच्या-आमच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी आहेच. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही लावण्याआधी त्यांना म्हणा, ‘चला, दहा मिनिटं फिरून येऊ.’ आणि त्यांना एकटं पाठवू नका. तुम्हीही चपला घाला.