औषध : उपाय आणि प्रश्नही

वांती ही पोटाची तक्रार वाटली, तरी तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. तो कोणत्या वाटेने सुटतो, हे उमगण्यास ऑनडॅनसेट्रॉन या औषधाचे मोठे साहाय्य झाले. औषध रोग्यास उतार देते, तसेच ते संशोधकाने शरीराला विचारलेला प्रश्नही असते.

१९५७ साली गॅडम व पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर सिरोटोनिन या द्रव्याचा परिणाम तपासला. त्याने होणारे आकुंचन काही अंशी डायबेंझिलिनने, तर काही अंशी मॉर्फिनने थांबले. म्हणजे सिरोटोनिनचे ग्राही, अर्थात रिसेप्टर, दोन प्रकारचे असले पाहिजेत. औषधांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘डी’ व ‘एम’ ही नावे मिळाली. यांतील ‘एम’ आज ‘५-एचटी-३’ म्हणून ओळखला जातो. चेतापेशीवरचे ते जणू दारच आहे. सिरोटोनिन चिकटताच ते उघडते आणि संदेश पुढे जातो.

सिसप्लाटिनसारखे कर्करोगावरील औषध दिले असता आतड्याच्या अस्तरातील पेशी सिरोटोनिन सोडतात. ते व्हेगस चेतेच्या टोकांवरील ही दारे उघडते आणि मेंदूला वांतीचा इशारा पोहोचतो. ऑनडॅनसेट्रॉन दारातच सिरोटोनिनची जागा अडवते. १९९१ साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि असह्य वाटणारे उपचार अनेकांना पुरे करता येऊ लागले.

प्रयोगशाळेत मात्र एक अडचण होती. उंदराला वांती होतच नाही. म्हणून फेरेट या प्राण्यावर आणि आपल्या घरांतून फिरणाऱ्या चिचुंदरीवरही प्रयोग झाले. उंदराला मळमळले, की तो माती खातो. ती मोजूनही अनुमान काढतात. प्राण्यास आधी ऑनडॅनसेट्रॉन द्यावे. परिणाम थांबला, तर त्यात ५-एचटी-३ चा सहभाग आहे, असा हा तर्क आहे. मात्रा बेताचीच हवी. ती वाढल्यास औषध हृदयाच्या विद्युत्‌लयीलाही बाधा आणते, आणि उत्तर गढूळ होते.

‘नाही’ हे उत्तरही तितकेच मोलाचे असते. प्रवासात गाडी लागते, तेव्हा हे औषध फारसे चालत नाही, कारण ती तक्रार अंतर्कर्णातून उठते. सिसप्लाटिननंतर पहिल्या दिवशीची वांती ते चांगली आवरते. दुसऱ्या दिवसापासून त्याचा प्रभाव ओसरतो. तेथे ‘सबस्टन्स पी’ हे वेगळे द्रव्य प्रबळ असते. त्याला रोखणारे ॲप्रेपिटंट २००३ साली उपलब्ध झाले. एका औषधाची मर्यादा ओळखली गेली, म्हणूनच दुसऱ्याची वाट सापडली.