शेताच्या निचऱ्याचं पाणी आणि लाकडाच्या ढलप्यांचा खड्डा



गेल्या आठवड्यात आपल्या एका सभासद तात्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेत जेसीबीनं चर काढून त्यात लाकूड भरतायत. खाली तात्यांचा प्रश्न: "साहेब, भुसा पुरल्यावर पाणी गोड होतं म्हणे. आपल्या पाईपच्या तोंडाला करायचं का?" तेव्हापासून आणखी चार-पाच जणांनी तेच विचारलं, म्हणून सगळ्यांनाच सांगतो.

पहिली गोष्ट, तो भुसा नाही. भुसा भरला तर पाणीच अडेल. त्या लाकडाच्या ढलप्या आहेत, बोटाएवढ्या. व्हिडिओतलं आयोवा हे राज्य मका-सोयाबीनचं. तिथं जमिनीखाली ३-४ फुटांवर निचऱ्याचे पाईप आहेत. आपल्याकडं क्षारपड रानात घालतात तसेच. जादा पाणी त्यातून ओढ्याला जातं, आणि पाण्याबरोबर नायट्रेटही जातं. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाणी जाईल तिकडं जातं.

पाईप ओढ्याला मिळायच्या आधी ते लोक साधारण १०० फूट लांब, १० ते २० फूट रुंद चर काढतात, ढलप्या भरतात आणि वर माती टाकून गवत लावतात. दोन्ही टोकांना फळ्या घालून पाण्याची पातळी कमी-जास्त करायची सोय असते. पाणी आत काही तास थांबतं. ढलप्यांमध्ये हवा नसते, तेव्हा तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात, खायला लाकडातला कर्ब असतोच. उरतो तो नत्र वायू. हवेत ७८ टक्के तोच आहे, तो उडून जातो. याला बायोरिॲक्टर म्हणतात. वीज नाही, मोटार नाही. ढलप्या १०-१५ वर्षं चालतात.

फायदा किती? आयोवाच्या सरकारी आराखड्यात सरासरी ४३ टक्के नायट्रेट कमी होतं असं धरलंय. सगळं जात नाही. मोठा पाऊस झाला की जादा पाणी खड्डा टाळून सरळ ओढ्यात जातं, थंडीत जिवाणू मंदावतात. उलट पाणी फार वेळ साचलं तर सडक्या अंड्यासारखा वास येतो.

एवढा उपद्व्याप कशासाठी? डे मॉइन हे आयोवातलं मोठं शहर नदीचं पाणी पितं. नायट्रेट काढायला त्यांना वेगळा प्रकल्प उभारावा लागला. २०१५ साली तिथल्या पाणीपुरवठा संस्थेनं वरच्या भागातल्या तीन जिल्ह्यांच्या निचरा मंडळांवर कोर्टात दावाच ठोकला. २०१७ ला तो फेटाळला गेला, पण शेतकरी आणि शहरात जी कटुता यायची ती आलीच. जून २०२५ मध्ये तर नायट्रेट इतकं वाढलं की लोकांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायची बंदी झाली.

आता तात्यांचा प्रश्न. माझं मत: आत्ता नको. पाणी गोड होतं म्हणतात ते चूक. हा खड्डा क्षार काढत नाही, आणि आपल्या निचऱ्याच्या पाण्यात मोठी अडचण क्षाराचीच आहे. खर्च एकट्याचा, फायदा ओढ्याखालच्या सगळ्यांचा. पुढे गट मिळून सामाईक निचरा योजना करणार असाल तर शेवटच्या तोंडाला याचा विचार जरूर करू, पण आराखडा इंजिनिअरकडूनच.

मात्र नायट्रेटचा प्रश्न आपलाही आहे. साधा हिशोब बघा. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र. ते सगळं नायट्रेट होऊन पाण्यात गेलं तर २० लाख लिटर स्वच्छ पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. म्हणून उसाला हप्ते पाळा: लागणीला १० टक्के नत्र, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला ४०. आणि युरिया टाकून लगेच सरी तुडुंब भरू नका. घरचं खत घरच्याच विहिरीत जातं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. रिपोर्टमध्ये "नायट्रेट-नत्र" लिहिलं असेल तर तीच मर्यादा साधारण १० होते, गोंधळू नका. नायट्रेटला रंग, वास, चव नाही. उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. तुरटी, क्लोरीनचाही उपयोग नाही. आरओनं कमी होतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल आणि पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात करत असाल, तर आधी तपासणी करा. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडून अंग निळं पडू शकतं.

नमुन्यासाठी एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, सावलीत ठेवा. नाव, गट नंबर, विहीर की बोअर हे लिहा. शुक्रवारी सकाळी १० च्या आत संकलन केंद्रावर द्या, म्हणजे त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवता येईल. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांचे नमुने आधी घेऊ.

– तुमचा कृषी अधिकारी