शांतरसाची ध्वनिमुद्रिका आणि तिचे श्रोते

संगीताविषयी बोलताना आपण बहुधा गाणाऱ्याविषयी बोलतो, ऐकणाऱ्याविषयी क्वचितच. गायकाचे घराणे, त्याची तालीम, त्याच्या आवाजाचा लगाव यांची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली आहे. परंतु एकच गाणे ऐकून एकाच्या डोळ्यांत पाणी का उभे राहते, दुसऱ्याला पेंग का येते, आणि तिसरा ‘यात आहे काय?’ असे म्हणून उठून का जातो, हा प्रश्न निघाला की ‘ज्याची त्याची आवड’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः आवड हे उत्तर नव्हे. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. त्याचा थोडा विचार एका परकीय ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने करण्याचे आम्ही योजिले आहे. ती परकीय आहे हे एका परीने बरेच आहे. आपल्या संगीताविषयी आपले पूर्वग्रह इतके पक्के असतात की त्यांतून वाट काढणे कठीण जाते.

ही ध्वनिमुद्रिका आयर्लंडमधील गायिका एन्या यांची. त्यांचा जन्म १९६१ साली डॉनेगल परगण्यात झाला. तेथील त्यांच्या गावाकडे आयरिश ही घरातली बोलण्याची भाषा आहे. त्यांचे कुटुंबच गाणारे होते. भावंडांच्या ‘क्लॅनड’ या वाद्यवृंदात त्या काही काळ होत्या. १९८२ मध्ये तो सोडून त्यांनी स्वतंत्र वाट धरली. तेव्हापासून चाल आणि गायन एन्या यांचे, शब्द रोमा रायन यांचे आणि ध्वनिमुद्रणाची बाजू निकी रायन यांची, असा तिघांचा संसार अखंड चालला. २००० सालच्या नोव्हेंबरात त्यांची ‘अ डे विदाउट रेन’, म्हणजे ‘पावसाविना एक दिवस’, ही तबकडी प्रसिद्ध झाली. तिच्यात अकरा रचना आहेत. त्यांतील शीर्षकरचना आणि ‘सिल्व्हर इंचेस’ ही दोन केवळ वाद्यसंगीताची आहेत. बाकीच्यांत कंठस्वर आहे. तोही एका भाषेत नाही. बहुतेक गाणी इंग्रजी, एक आयरिश, एक लॅटिन. त्या लॅटिन रचनेच्या नावाचा अर्थ ‘वसंतकाळ’ असा आहे, तेव्हा वसंतातल्या या व्यासपीठावर तिची ओळख अगदीच अस्थानी होणार नाही.

बाजारात हे संगीत ‘न्यू एज’ या नावाच्या खणात ठेवलेले आढळते. हे नाव एखाद्या संगीतपद्धतीचे नव्हे. ऐकण्याच्या हेतूचे आहे. मन निवावे, ध्यानाला बसता यावे, दिवसाचा शीण उतरावा, यासाठी रचलेले संथ संगीत असा त्याचा ढोबळ अर्थ. त्याच्या उगमाशी आपल्या देशाचाही थोडा संबंध आहे. पॉल हॉर्न नावाच्या अमेरिकन बासरीवादकाने १९६८ मध्ये ताजमहालाच्या घुमटाखाली एकट्याने बासरी वाजवून ती मुद्रित केली. घुमटात रेंगाळणारा प्रतिध्वनी हीच त्याची साथ. तेथील पहारेकऱ्याचा आवाजही त्या मुद्रणात घुमला आहे, म्हणजे वाद्य आणि कंठ यांची गाठ तेथेच पडली म्हणावयाची. पुढे या प्रकाराला एवढा श्रोतृवर्ग मिळाला की अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांत १९८७ पासून त्यासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवण्यात आले. ते एन्या यांना चार वेळा मिळाले आहे. त्यांतले एक, २००२ साली, याच ध्वनिमुद्रिकेसाठी. गमतीची गोष्ट अशी की आपले संगीत या वर्गात मोडत नाही, असे स्वतः एन्या यांचे म्हणणे आहे!

आता श्रोत्यांकडे वळू. एकदा आमच्या घरी चार-सहा मंडळी जमली असता आम्ही ही ध्वनिमुद्रिका लावली. अभिप्राय कोणाला मुद्दाम विचारला नव्हता. तो आपोआप बाहेर पडला. आमच्या वयोवृद्ध मावशी म्हणाल्या, “बाई काय म्हणते ते कळत नाही, पण देवळात बसल्यासारखं वाटतं.” तबला शिकणारा एक तरुण प्रथम मांडीवर बोटे टेकवून बसला होता. दोन गाण्यांनंतर त्याने हात आवरला आणि म्हणाला, “सम येते, पण ती आली हे कोणी सांगतच नाही!” एका प्राध्यापक स्नेह्यांनी चौथ्या गाण्याला विचारले, “हे मघाचंच चाललंय का?” आणि आमची पुतणी काही न बोलता, ते संपल्यावर, तिसरे गाणे पुन्हा लावण्यास सांगून खिडकीपाशी जाऊन बसली. चौघांचे चार अभिप्राय. आणि विचार करू जाता चारही खरे आहेत असे आम्हांस वाटते.

मावशींचे देऊळ कोठून आले ते पाहू. देवळाच्या गाभाऱ्यात एक शब्द उच्चारला तरी तो लगेच विरत नाही. भिंतींवरून परतून तो क्षणभर अंगाभोवती राहतो. या ध्वनिमुद्रणात तसाच दीर्घ प्रतिध्वनी हेतुपूर्वक ठेवलेला आहे. शिवाय एन्या आपला एकच आवाज पुनःपुन्हा मुद्रित करून त्यांचे थर एकमेकांवर चढवितात. काही रचनांत या थरांची संख्या शेकड्याच्या घरात जाते. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी उभे राहतात आणि ध्रुपद उचलतात. येथे शाहीरही तीच आणि झीलकरीही तीच. त्यामुळे समुदाय गात असल्याचा भास होतो, पण त्या समुदायात परका आवाज एकही नसतो. माणसांची दाटी नाही आणि एकटेपणाही नाही, अशी ही मधली अवस्था आहे. देवळात दुपारच्या वेळी आपण बसतो तेव्हा हीच अवस्था अनुभवीत असतो.

तबलजीची तक्रारही याच रचनेतून निघते. अकस्मात येणारा मोठा आवाज माणसाला सावध करतो. तो आपल्या शरीराचा जुना धर्म आहे. तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका आपल्याला जागे करतो, अपेक्षेत ठेवतो आणि समेवर सोडवितो. येथे असा आघात जवळजवळ नाहीच. लय आहे, पण ती ठोक्यांनी मोजून दिलेली नाही. अपेक्षा ताणली जात नाही, म्हणून सुटकेचा आनंदही मिळत नाही. ज्याचा कान ताण आणि सुटका यांवर पोसला आहे त्याला हे संगीत अळणी लागले तर त्याचा दोष नाही. जो ताणाने आधीच थकून आला आहे त्याला मात्र तेच पथ्याचे वाटते.

‘सगळे सारखेच’ हा प्राध्यापकांचा आक्षेप पाश्चात्त्य टीकाकारांनीही घेतला आहे. एकच कंठ, एकच कवयित्री, एकच मुद्रक आणि एकच पद्धत. मग रचना एकमेकींच्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसणारच. वाद्यरचना आणि गीते यांची गुंफण उपयोगी पडते ती येथेच. वाद्यरचना शब्दांनी थकलेल्या कानाला विसावा देते. आणि तिच्यामागून गीत आले की आवाज पुन्हा नवा वाटतो. शब्द तरी कितीजणांना कळतात? आयरिश जाणणारे श्रोते थोडे, लॅटिन जाणणारे त्याहून थोडे. बहुतेकांना ती रचना कंठाने वाजविलेले वाद्यच. आपल्या तराण्यात अर्थाचे ओझे उतरवून ठेवलेले असते आणि तरीही त्याला भाव असतो, हे ज्याने अनुभविले आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको.

शिवाय श्रोता आपला मुलूख बरोबर घेऊनच गाणे ऐकतो. ‘पावसाविना एक दिवस’ हे शब्द डॉनेगलसारख्या सदा भिजलेल्या किनाऱ्यावर ऐकले तर उघडीप, ऊन, वाळत घातलेले कपडे असे काही डोळ्यांपुढे येईल. तेच शब्द मराठवाड्यातल्या शेतकऱ्यापुढे श्रावणात उच्चारले तर तो आभाळाकडे पाहील, आणि त्याच्या कपाळावर आठी पडेल. शब्द तेच, त्यांचा अर्थ मात्र ऐकणाऱ्याच्या शेतात उगवतो.

आता आमची पुतणी जे गाणे पुन्हा ऐकत बसली त्याकडे येऊ. ‘ओन्ली टाइम’ हे ते गाणे. वाट कोठे जाईल, प्रेमाचे काय होईल, हे काळच जाणे, एवढाच त्याचा आशय. ते रचले गेले तेव्हा त्याच्यासमोर कोणतीही विशेष घटना नव्हती. पण ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जुळे मनोरे विमाने आदळवून पाडण्यात आले, आणि त्यानंतरच्या दिवसांत अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर त्या भीषण दृश्यांमागे हे गाणे वाजू लागले. जवळजवळ वर्षभर जुनी झालेली ध्वनिमुद्रिका लोकांनी नव्याने विकत घेतली. ती तेथील विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. जगभरात तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या. या गाण्याची एक विशेष आवृत्ती काढण्यात आली आणि तिचे उत्पन्न एन्या यांनी अग्निशामक दलातील मृतांच्या कुटुंबीयांसाठी दिले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्या रसशास्त्राप्रमाणे या शोकमग्न श्रोत्यांना रसास्वाद झाला असे म्हणता येईल काय? भरताने रस आठ सांगितले. शांत हा नववा पुढे मान्य झाला, आणि अभिनवगुप्ताने त्याला मोठे स्थान दिले. पण त्याच अभिनवगुप्ताने रसाची विघ्ने सांगताना, श्रोता स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणे हे एक विघ्न मानले आहे. घरचे माणूस गेले असता ऐकलेले करुण गीत हा रस नव्हे. तो प्रत्यक्ष शोकच. या न्यायाने पाहता त्या लक्षावधी श्रोत्यांचा अनुभव रसाच्या बाहेर पडतो.

आम्हांस हा निर्णय मान्य आहे. पण त्यावरून तो अनुभव हलका ठरतो हे मान्य नाही. त्या श्रोत्यांना मिळाले ते सांत्वन होय, आणि सांत्वन ही रसाची दुय्यम प्रत नसून निराळीच वस्तू आहे. समाचाराला आलेला शहाणा माणूस फार बोलत नाही. तो जवळ बसतो. या गाण्याने तेच केले. दुःख कोणाचे, किती, कशासाठी, याविषयी त्याने काहीही सांगितले नाही; म्हणून प्रत्येकाला आपले दुःख त्याच्याजवळ ठेवता आले. टीकाकार ज्याला रिकामेपणा म्हणतात तीच येथे बसावयाची जागा झाली.

या रिकाम्या जागेचा धोकाही सांगितला पाहिजे. २०१३ च्या नोव्हेंबरात एका मालमोटारींच्या कंपनीची जाहिरात निघाली. दोन अवजड मालमोटारी उलट्या दिशेने शेजारी शेजारी धावत आहेत, आणि त्यांच्या आरशांपाशी एकेक पाय ठेवून ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम हा नट, मोटारी दूर सरकतील तसतसे, पाय फाकीत जातो. मागे गाणे कोणते? तर हेच! जगाने ते पाहून तोंडात बोट घातले, नंतर हसून घेतले आणि त्याची विडंबनेही केली. बारा वर्षांपूर्वी ज्या सुरांनी अश्रू आणले त्यांनीच आता हसू आणले. आणि गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत पुन्हा दाखल झाले. ‘पाण्या तुझा रंग कसा, ज्याला जसा हवा तसा’ असे आपल्याकडे म्हणतात. जे संगीत श्रोत्याला जागा देते ते विक्रेत्यालाही देते. चित्रामागे कोणते सूर लावावयाचे हे ठरविणारा माणूस आपल्या भावनेची दिशाही ठरवीत असतो. त्या वेळी आपण श्रोते नसतो, गिऱ्हाईक असतो. एवढे भान राखले म्हणजे पुरे.

आणखी एक गोष्ट. एन्या यांनी आपल्या गाण्यांचा मैफलींचा दौरा कधीच केलेला नाही. आपल्या मैफलीत शेजारच्या जाणकाराची मान डोलली की आपल्यालाही ती जागा कळते. दाद ही अशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि श्रोता तयार होत जातो. या ध्वनिमुद्रिकेचा श्रोता मात्र बहुधा एकटा असतो. आपल्या खोलीत, प्रवासात, नाही तर रुग्णाच्या उशाशी. त्याला वाहवा करणारा शेजारी नाही आणि नाक मुरडणाराही नाही. म्हणूनच त्याचा अभिप्राय इतका परस्परविरुद्ध आणि इतका प्रामाणिक असतो. तो संगीताविषयी जेवढे सांगतो, तेवढेच स्वतःविषयी सांगत असतो.

तेव्हा ‘हे संगीत श्रेष्ठ की कनिष्ठ?’ या एकाच प्रश्नाने त्याचा निकाल लागणार नाही. ताण आणि सुटका, विस्तार आणि नवीनता यांची कसोटी लावली तर ते उणे पडेल, आणि तसे स्पष्ट म्हणण्यास टीकाकाराने कचरू नये. पण संकटाच्या दिवशी माणसाने कोणाजवळ जाऊन बसावे हे टीकाकाराने ठरवावयाचे नसते. त्या दिवशी आमच्या पुतणीला आम्ही काही विचारले नाही. गाणे तिसऱ्यांदा संपले तेव्हा मावशी उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरविला आणि चहाचे आधण ठेवावयास आत गेल्या. मावशींना शब्द कळले नव्हते. बाकीचे सारे कळले होते.